तिसरं बोलावणं

चेन्नईत राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी मी एका सभ्य, वयोवृद्ध गृहस्थांना पाऊण तास दारात उभं ठेवलं. मुद्दाम नव्हे. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर उंच, काटकुळे, पांढरी वेष्टी नेसलेले गृहस्थ, हातात झाकलेली वाटी. तेवढ्यात अंबत्तूरहून कंपनीचा फोन आला. मी हातानंच 'या या' अशी खूण केली, आत वळलो आणि एका सुट्या भागावर पडलेल्या चऱ्याबद्दल पाऊण तास बोलत बसलो. माझी बायको वैशाली भाजी घेऊन परतली तेव्हा ते गृहस्थ उंबरठ्यापासून दोन बोटं बाहेर, तसेच, वाटी धरून उभे होते. वैशालीला आधी वाटलं की मी कुठून तरी पुतळा विकत आणलाय. माझी खरेदी तिला ठाऊक आहे.

मी ओशाळून विचारलं, की अहो, आत का नाही आलात?

"आपण बोलाविलें नाहीं," ते शांतपणे म्हणाले. आणि चक्क मराठीत. "हात हालविलात. हात तर नारळाचें झाडसुद्धां हालवितें."

मी म्हटलं, या. ते कान देऊन उभे. मी म्हटलं, आत या. ते तरीही उभे. शेवटी मी जरा वैतागून म्हणालो, "या हो, आत या," तेव्हा त्यांनी उजवा पाय उंबरठ्याच्या आत टाकला, वाटी वैशालीच्या हातात दिली आणि म्हणाले, "रसवांगी आहे. गार झाली. चूक वांग्याची नव्हे."

हे आमचे समोरचे शेजारी सेतुमाधवराव. मूळचे तंजावरचे मराठी. मी सातारचा आहे हे कळल्यावर त्यांना भरून आलं. "आम्हीही तिकडचेच. आम्ही जरा आधीं निघालों, एवढेंच." जरा म्हणजे सवातीनशे वर्षं. त्यांचं मराठी एखाद्या बखरीच्या पानातून उठून, मधे तमिळचा चहा पिऊन आल्यासारखं होतं. मी 'एन्जॉय केलं' वगैरे बोललो की ते डोळे मिटून घेत. मला वाटे विचार करताहेत. ते वेदना सहन करत असत.

आमची इमारत मैलापूरच्या देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या आत. जिना भर दुपारीही अंधारा. मधल्या वळणावर एक खिडकी, तिची काच फुटलेली, आणि तिन्हीसांजेला तळ्याकडची वटवाघळं त्या खिडकीसमोरून एकामागून एक जात. त्याच वेळी सेतुमाधवराव आपल्या उंबरठ्यावर तेलाचा दिवा ठेवत आणि दार सताड उघडं टाकून आत अंधारात बसून राहत. दिवा बाहेर, माणूस आत काळोखात. इमारतीतली पोरं त्यांना पेय्-मामा म्हणत. पेय् म्हणजे तमिळमध्ये भूत. मला हे अन्यायाचं वाटे. पण तिन्हीसांजेला त्या दारासमोरून जाताना मीसुद्धा दोन-दोन पायऱ्या चढत असे.

त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत आणि हे मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात रोवत. चाळीस वर्षं. माणूस ते चेहऱ्यानं नव्हे, चाव्यानं ओळखत. पहिल्याच भेटीत माझ्या तोंडात वाकून बघत म्हणाले, "वरचा डावा सुळा सरदाराच्या जातीचा आहे. जपा." कुठला सरदार ते मी विचारलं नाही. त्या रात्रीपासून आरशासमोर हसणं मात्र बंद केलं.

तो सरदार म्हणजे डोंगरावरच्या किल्ल्यात राहणारा, रक्त पिणारा. तरुणपणी कोडंबाक्कमच्या स्टुडिओतला कुणी माणूस त्यांच्याकडे सुळे करून घ्यायला आला होता. दोन इंच लांब हवेत म्हणाला. सेतुमाधवरावांनी विचारलं, ह्याला संवाद बोलायचे आहेत की गवत उपटायचं आहे? त्यानं सांगितलं, परदेशी सिनेमात असेच असतात. आता सेतुमाधवराव पडले कारागीर. सिनेमावर त्यांचा विश्वास बसेना. मूळ माप हवं म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून ती इंग्रजी कादंबरी शोधून आणली, शेजारी शब्दकोश ठेवून तीन आठवडे वाचली आणि त्यांच्या आयुष्याचा साचाच बदलला. सिनेमातलं सगळं खोटं होतं. मग त्यांनी एकेका राक्षसाची मूळ कादंबरी गाठली आणि प्रत्येकाची बाजू घेतली, कोर्टात वकील घेतो तशी.

"मूळ पुस्तकांत असें नाहीं." हे त्यांचं वाक्य. मूळ पुस्तकात सरदाराला मिशी आहे, पांढरी. मूळ पुस्तकात तो दिवसाढवळ्या शहरात हिंडतो. आणि मूळ पुस्तकात, इथं ते आवाज खाली आणत, त्या एवढ्या मोठ्या किल्ल्यात एकही नोकर नाही. "पाहुण्यास कळूं नये म्हणून सरदार स्वतः चोरून त्याचें अंथरूण घालतो. टेबल मांडतो. हें कुणा सिनेमांत दाखविलें काय? दात दाखविले. दात तर कुणीही दाखवील." लांडगामाणसाबद्दल ते फारसं बोलत नसत. त्याला धड मूळ पुस्तकच नाही, बिचारा अनाथ, म्हणत.

पुढं पुढं हे वाक्य सगळीकडे लागू पडू लागलं. हवामानखात्यानं पाऊस सांगितला आणि ऊन पडलं, की मूळ पुस्तकांत असें नाहीं. वैशालीनं पुरणपोळीत गुळाऐवजी साखर घातली, ती खाऊन झाल्यावर, दुसरी मागून घेता घेता, मूळ पुस्तकांत असें नाहीं.

आत येण्याचा नियमही तिकडचाच. रक्त पिणाऱ्याला घरातल्या माणसानं बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. हा नियम त्यांना इतका पटला होता की त्यांनी तो स्वतःलाच लावून घेतला. मी म्हणालो, पण तुम्ही तर माणूस आहात. ते म्हणाले, "मग माणसानें राक्षसापेक्षां कमी सभ्य असावें काय?" तीनदा बोलावण्याची अट मात्र त्यांची स्वतःची. ती त्यांनी मला बोटांवर मोजून समजावली होती: पहिलं बोलावणं सवयीचं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं.

एकदा त्यांनी मला मागच्या खोलीतलं काचेचं कपाट दाखवलं. मी चहा घेऊन लगेच निघणार होतो. कपाटात रांगेनं जबडे. गुलाबी हिरड्यांत बसवलेले सुळे, करवतीसारखे दात, एका जबड्यात तर दातच नव्हते, नुसत्या शिवणी. प्रत्येकाखाली मोडी अक्षरात चिठ्ठी. ज्याला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत त्यानं अशा कपाटासमोर एकटं उभं राहू नये, एवढं मी अनुभवानं सांगतो. पण मला धडकी भरली ती खालच्या फळीवर. तिथं पाण्याच्या पेल्यात साधी, लहानशी, बाईमाणसाची वाटावी अशी कवळी होती. सुळे नाहीत, चिठ्ठी नाही. पाणी मात्र ताजं. दिवा जरा लुकलुकला आणि ती कवळी माझ्याकडे बघून हसली. हसली म्हणजे, कवळी दुसरं काय करणार. पण त्या क्षणी मला हा युक्तिवाद सुचला नाही.

मी विचारलं, ही कुणाची?

"झाली नाहीं अजून," ते म्हणाले, आणि कपाट बंद केलं.

कार्तिकातल्या एका शुक्रवारी मी साडेसहाच्या सुमाराला जिना चढत होतो. वीज गेलेली, बाहेर पाऊस. मधल्या वळणावर फुटक्या खिडकीपाशी कुणीतरी उभं होतं. उंच. पायापर्यंत काळं. आणि त्यानं स्वतःचं डोकं काखेत धरलं होतं. मी सातारचा माणूस. आमच्याकडचे लोक अशा प्रसंगी काय करतात ते मला माहीत नाही, मी डबा टाकला आणि पळालो. वैशालीनं टॉर्च घेऊन खाली पाहिलं तर कुणी नव्हतं. माझा डबा नीट उचलून, झाकण लावून, पायरीवर ठेवलेला होता. शेजारी ओल्या बुटांचे ठसे.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा होता. त्याच्या पुढच्याही.

या विषयातले तज्ज्ञ समोरच राहत होते, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. सेतुमाधवराव आरामखुर्चीत अंधारात बसले होते. त्यांनी डॉक्टरसारखी चौकशी सुरू केली. सावली पडते काय? दिवाच नव्हता, मी म्हणालो. श्वास ऐकू येतो काय? माझाच इतका येत होता की बाकी काही ऐकू आलं नाही. जाड आहे की बारीक? बारीकच वाटला. इथं ते खुर्चीत पुढं सरकले. बारीक झाला आहे काय, असं पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "वरपर्यंत येतो काय? माझ्या उंबरठ्यापर्यंत?"

मी म्हटलं, नाही. वळणावरच थांबतो.

"सरी," ते म्हणाले. तमिळमध्ये ठीक आहे म्हणतात तसं. "मग नियम पाळतो आहे. भिऊं नका."

कोण आहे तो, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. त्याऐवजी मला त्या मढ्यांचे तुकडे जोडून बनवलेल्या राक्षसाची गोष्ट सांगितली. सिनेमात तो नुसता गुरगुरतो. मूळ पुस्तकात असं नाही. मूळ पुस्तकात तो उत्तम बोलतो, वाचतो. ज्यानं त्याला बनवलं, तो त्याला बघून पहिल्याच रात्री पळून गेला, नावसुद्धा न ठेवता. मग हा राक्षस एका झोपडीच्या भिंतीला लागून, आडोशाला, कित्येक महिने लपून राहतो. भिंतीच्या फटीतून आतल्या घराचं बोलणं ऐकतो. आतलं म्हातारं माणूस वाद्य वाजवतं ते ऐकतो. चोरून त्यांच्यासाठी लाकडं फोडून ठेवतो. आत जायचं धाडस त्याला होत नाही.

"आणि शेवटीं जातो तेव्हां?" मी विचारलं.

"मारून घालवितात," ते म्हणाले, आणि बाहेरचा दिवा विझल्यासारखा वाटतो म्हणून उठून गेले. दिवा चांगला जळत होता.

मी घरी येऊन वैशालीला म्हणालो की म्हातारबुवांचं डोकं फिरलं आहे. वैशालीनं गॅस बारीक केला. तिनं तोवर तळमजल्यावरच्या कामाक्षी मामींकडून सगळं काढलं होतं. बायका भुताची सावली पडते का हे विचारत नाहीत, ते कुणाचं कोण हे विचारतात.

तो सेतुमाधवरावांचा मुलगा होता. राघव. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला, राहायलाही तिकडेच. काळा रेनकोट, काखेत हेल्मेट. सहा वर्षांपूर्वी रुक्मिणी मामी, म्हणजे राघवची आई, आजारी होत्या. दात गेलेले, काही चावता येईना. नवऱ्यानं साऱ्या मद्रासच्या म्हाताऱ्यांना चावायला शिकवलेलं, तेव्हा तिची कवळी तर सगळ्यांत चांगली व्हायला हवी. ते रोज मेणावर बसवून बघत, रोज मोडत. अजून घासली पाहिजे, अजून एक दिवस. बाहेरून तयार करून आणू, असं राघव म्हणाला तर त्यांना अपमान वाटला. कवळी व्हायच्या आत मामी गेल्या. तेराव्याच्या पंगतीत, भरल्या पानावर, राघव सगळ्यांदेखत बोलला की अप्पांनी राक्षसांना दात दिले, अम्माला पेज पाजली.

सेतुमाधवराव उठले आणि दाराकडे बोट करून म्हणाले, मी बोलावल्याशिवाय ह्या उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही.

त्यानं ठेवला नाही. दर शुक्रवारी कामावरून सुटला की यायचा, वळणावर उभा राहायचा, वरून खोकला ऐकू आला की जायचा. आणि अप्पा दर शुक्रवारीच नव्हे, चुकू नये म्हणून रोज, दिवा ठेवून दार उघडं टाकायचे आणि खोकायचे. सहा वर्षं बाप खोकत होता आणि मुलगा ऐकत होता. दोघेही नियमाचे पक्के. घराणंच तसं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मालकाला ती जागा मुलीसाठी हवी होती, आणि सेतुमाधवरावांनी कुंभकोणमजवळच्या एका वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. महिनाअखेर जाणार होते. ते मला हे सांगताना एवढंच म्हणाले, की जागा स्वच्छ आहे, फक्त तिथल्या दारांना उंबरठे नाहीत. चाकाच्या खुर्च्या अडखळतात म्हणून काढून टाकलेत.

"मग तो कुठं उभा राहणार?" वैशाली मला म्हणाली. "जा, बोला त्यांच्याशी."

मी गेलो. मी कंपनीत रागावलेल्या ग्राहकांना शांत करण्याचा पगार घेतो. मी सेतुमाधवरावांना सांगितलं की नियम माणसांसाठी असतात, की बोललेला शब्द मागे घेण्यात मोठेपणा असतो, की मूळ पुस्तकातसुद्धा लेखकानं बदल केलेच असतील. शेवटचं बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपल्या वरच्या डाव्या सुळ्यावर ओठ ओढून घेतला. "मी बोललेला शब्द मीच खोडला, तर मी आणि सिनेमावाला यांत भेद काय?" ते म्हणाले. "तोंड उघडतें कीं नाहीं, हा प्रश्न आहे. उघडत नाहीं. सहा वर्षें उघडत नाहीं." आणि मग, कवळीबद्दल बोलावं तसं, "बिजागरीच धरली आहे."

मी परत आलो आणि वैशालीला कळवलं की मी प्रयत्न केला.

शेवटचा शुक्रवार आला. दुपारपासून आभाळ फाटलं होतं. मी भिजून घरी पोचतो तोच सेतुमाधवराव माझ्या दारात. घशावर मफलर गुंडाळलेला. घसा पार बसलाय, असं त्यांनी खुणेनं आणि फुसफुसत सांगितलं. सामान बांधणारे लोक आता येतील, मला काही त्यांना हाक मारता येणार नाही, तर तुम्ही माझ्या दारात उभे राहा, माझ्या वतीनं त्यांना आत बोलवा. "घरधनी म्हणून," ते फुसफुसले. "आज ह्या घराचा आवाज तुमचा." मला मान दिल्यासारखं वाटलं. मी लगेच छाती काढून उभा राहिलो.

वीज गेली. उंबरठ्यावरचा दिवा तेवढा होता. माझ्या पाठीमागे अंधारात सेतुमाधवराव कपाटातले जबडे एकेक करून कागदात गुंडाळत होते, कागदाची करकर आणि मधूनच दातावर दात आपटल्याचा आवाज. खिडकीसमोरून वटवाघळं गेली. मग खाली जिन्यात पावलं वाजली. वजनदार, ओली. वळणापर्यंत आली आणि थांबली.

मला दिवसभराची दमणूक, पाठीमागे दातांचा आवाज. डोकं चालत नव्हतं. मी सामानवाल्यांना बोलवायला उभा होतो, तेव्हा जो आला तो सामानवाला. मी मोठ्यानं म्हणालो, "या."

कुणी हललं नाही. ह्या लोकांना वेळेची किंमत नसते, असं मनात म्हणून मी आणखी मोठ्यानं म्हणालो, "अहो या, आत या."

वळणावरून तो दोन पायऱ्या वर आला आणि दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला. काळा रेनकोट. काखेत डोकं. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. सहा वर्षं सांभाळलेला एका माणसाचा शब्द मी दीड मिनिटात मोडला होता, आणि तोही भाडोत्री घरधनी म्हणून.

राघव माझ्याकडे बघत होता. चाळिशीचा, थकलेला, बापासारखाच काटकुळा. तमिळमध्ये बोलायला त्यानं तोंड उघडलं, मग बदललं. "अप्पांनी सांगितलें काय?" त्यानं विचारलं.

माझ्या पाठीमागची कागदाची करकर थांबली होती. मी मागे बघायचं धाडस केलं नाही. मग अगदी कानाशी, श्वास लागेल इतक्या जवळून, फुसफुसता आवाज आला.

"तिसऱ्यांदा बोला."

मी बोललो. "आत या."

राघवनं डावा पाय उचलला, मधेच अडखळला, मागे घेतला आणि उजवा पाय टाकून उंबरठा ओलांडला. पाणी निथळत तो चटईवर उभा राहिला. सेतुमाधवराव पुढं झाले. त्यांच्या हातात खालच्या फळीवरचा, कवळीचा तो पेला होता. त्यांनी तो राघवच्या दोन्ही हातांत दिला, जसं एखाद्याला प्यायला द्यावं, आणि राघवनं बराच वेळ त्यात पाहिलं.

"भिजलास कीं," सेतुमाधवराव स्पष्ट म्हणाले, आणि आतून पंचा आणून त्याचं डोकं पुसायला लागले. राघव वाकून उभा राहिला. उंच माणसं कुणी डोकं पुसायला लागलं की राहतात तशी. मी त्या घराचा आवाज होतो, पण आता तिथं आवाजाची गरज नव्हती. बाहेर पडताना पाहिलं, तर आतल्या खोलीत एक अंथरूण घातलेलं होतं. चादर चारी बाजूंनी नीट खोचलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कपाट, आरामखुर्ची, ग्रंथांची खोकी सगळं चढलं आणि टेम्पो कुंभकोणमच्या नव्हे, गिंडीच्या रस्त्याला लागला. मागून रिक्षात बाप-लेक. पेला सेतुमाधवरावांच्या मांडीवर. मी गॅलरीतून हात हलवला. मग आठवलं आणि खाली ओरडून म्हणालो की या परत. त्यांनी कान दिला, मी तीनदा ओरडलो, तेव्हा रिक्षा हलली.

वैशाली शेजारी चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. मी म्हटलं, काल माझ्या हातून केवढा घोटाळा झाला, पण बघ कसा निस्तरला. आणि हे सामानवाले बघ, काल संध्याकाळी येणार म्हणून मी ताटकळलो, आणि उगवले आज.

"आजचंच ठरलं होतं," वैशाली शेंगा मोडता मोडता म्हणाली. "काल दुपारी त्यांनी माझ्यासमोर बसूनच फोन केला टेम्पोवाल्याला. चांगला खणखणीत. मग तासभर पुरणपोळीवर बोलले. आणि तुम्ही ऑफिसातून किती वाजता येता, हे दोनदा विचारलं."